काळ्या झग्यातला भाऊ

—नाही नाही, तिथं नका बसू मोठे फादर, ती कुत्रीची जागा आहे, नुकतीच व्यालीय, चावेल. इकडं या, चुलीच्या या अंगाला, इकडं धूर कमी आहे—कमी म्हणजे काय, धूर आहेच, पण इथं डोळे नुसते चुरचुरतात, तिथं फुटतात. हां, बसा. आणि आता परत एकदा सांगा, मघाशी मी मका कांडत होते, म्हटलं दुसऱ्याच कुणाचं काही बोलत असाल. कुणाला न्यायला आलात? आमच्या भावाला? तुमच्या त्या क्वेबेकला? आणि का—त्याचा सन्मान करायचाय म्हणून?

बरं. बरं बरं. सन्मान चांगलाच असतो, मी कुठं नाही म्हणते. सकाळी तुम्ही रडलात, बघितलं मी. घंटा वाजली आणि अख्खं गाव गुडघ्यावर, म्हातारे, पोरं, गरोदर बायका, सगळ्यांच्या माना खाली, आणि तुमच्या डोळ्यांतून या धारा. माझी लेक म्हणाली, पाहुण्यांना धूर लागला. मी म्हटलं, गप, भक्ती आहे ती. म्हणजे तिकडं व्यापाऱ्यांनी सांगितलं ते खरं निघालं, असंच वाटलं ना तुम्हाला? की बाकीच्या फादरांना वर्षानुवर्षं घसा फोडून एक म्हातारा गुडघ्यावर बसवता आला नाही, तोही मरायला टेकलेला, आणि यानं आम्हा वेन्दात लोकांचं गावच्या गाव गुडघ्यावर बसवलं. तेव्हा त्याच्याकडं काय विद्या आहे ती त्यानं येऊन सगळ्यांना शिकवावी. हेच ना? अहो, कसली विद्या! कुणाबद्दल बोलताय तुम्ही? त्याला अजून होडीत धड बसता येत नाही. पायाला वाळू घेऊन चढतो. दर वेळी. दर वेळी सांगायचं, आधी पाय धू, होडी नाजूक असते, आणि दर वेळी हा आकाशाकडं बघत बुटात पसाभर वाळू घेऊन आत. जाळं टाकायला दिलं तर स्वतःच त्यात अडकतो. असल्या माणसाला नेऊन तुम्ही काय करणार? मी सांगते ते ऐका, तुमच्या भल्याचं सांगते, त्याला ठेवा इथंच. दुसरा एखादा हुशार बघून न्या.

तो मासे आणायला गेलाय, येईल इतक्यात—काय? आज रविवार? हो, माहितेय की, रविवारी काम करत नाहीत, आम्हाला पाठ आहे ते. पण ते वहिनीला कोण सांगणार? ती सकाळी घंटेच्या आधीच येऊन ओरडून गेली, माझ्या वाट्याचे मासे कुठायत म्हणून. गेला बिचारा. वहिनी कोण ते सांगते नंतर. ही कांजी घ्या. मका आहे, त्यात धुरावलेला मासा आहे. वास नाही हो तो, मका चिखलात पुरून ठेवला की तसाच सुटतो. पाहुण्यांसाठीच पुरतो आम्ही. घ्या.

तर, आला तेव्हाचं सांगते, म्हणजे तुमचा सन्मान कसा वाया जाणार आहे ते कळेल. आला, आणि तिथं, त्या खांबापाशी, खोकत बसला. भाषा येईना, शिकार येईना, आणि तोंडावर ती दाढी—तुमचीही आहे, राग मानू नका. आम्ही म्हटलं, खायला घाला, घरी कुणीतरी असेल याचं. मग भाषा यायला लागली तसं एकेक सांगायला लागला. आकाशात एक आहे, त्यानं सगळं केलं. आम्ही म्हटलं, असेल. खाली एक आग आहे, तिच्यात आमचे सगळे आजे-पणजे जळतायत. आम्ही म्हटलं, हे जरा जास्त होतंय, पण पाहुणा आहे. मग म्हणाला, स्वप्नांना अर्थ नसतो. तेव्हा मात्र चुलीवरच्या बायका हसायच्या थांबल्या. अहो, स्वप्न म्हणजे काय? जीव बोलतो आतून, मला अमुक हवंय. ते दिलं तर माणूस जगतो, नाही दिलं तर खंगतो आणि मरतो. शेजारणीला स्वप्नात तुमचा कुत्रा हवा झाला तर कुत्रा द्यायचा. यात समजण्यासारखं अवघड काय आहे? तर हा म्हणे, सगळं खोटं. आणि मग बसून आपल्याच पुस्तकातली गोष्ट सांगायला लागला की कुणी एक सुतार झोपला होता, स्वप्नात त्याला कुणीतरी येऊन म्हणालं, बायकोला आणि बाळाला घे आणि पळ—आणि तो उठून पळाला! रातोरात! मी विचारलं, अहो, तो का पळाला? स्वप्न खोटं असतं ना? तुमचा देव त्या सुताराला कळला, आणि तुम्हाला कळत नाही? तर म्हणाला, ते वेगळं. मी म्हटलं, वेगळं कसं? म्हणाला, झोप येतेय.

तुम्हीही म्हणता, ते वेगळं? जाऊ दे. खा.

मग तो ताप आला, अंगावर फोड येणारा. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. या घरात आधी प्रत्येक चुलीशी दोन कुटुंबं होती, तुम्ही काल आलात तेव्हा म्हणालात ना, किती ऐसपैस घर आहे. ऐसपैस नव्हतं ते. माझा भाऊ त्यातच गेला, होतारेन. सख्खा, पाठचा. त्याच्यासारखा बोलणारा या किनाऱ्याला नव्हता, तो बोलायला उभा राहिला की शत्रूसुद्धा चिलीम विझवून ऐकायचे. आणि हा तुमचा फादर आपला पाण्याची वाटी घेऊन मरणाऱ्यांच्या उशापाशी. ज्याच्या कपाळाला पाणी लावी तो सकाळी मेलेला. आता तो मरणाऱ्यालाच शोधून पाणी लावायचा, हे मला आज कळतं, पण लोकांनी काय बघितलं? पाणी लागलं, मेला. पाणी लागलं, मेला. तेव्हा बैठक बसली आणि ठरलं की सकाळी याच्या डोक्यात कुऱ्हाड घालायची. भांडण नाही, आरडाओरडा नाही, सगळं रीतसर. त्याला कळवलंसुद्धा. तर हा खूश! चेहरा उजळला, गुडघ्यावर बसून गाणं म्हणायला लागला. आमचे पुरुष घाबरले, म्हणाले याला मारण्यात काही मजा नाही.

आणि त्या पहाटे मला होतारेन दिसला. माझा भाऊ, स्वप्नात. दारात उभा, ओला, आणि अंगात तो काळा झगा. म्हणाला, ताई, किती वेळ उभं करणार आहेस? बस, एवढंच. आता तुमच्यात काय करतात मला माहीत नाही, आमच्यात माणूस मरतो पण नाव मरू देत नाहीत. चांगलं नाव जमिनीवर पडलं की ते उचलायचं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर घालायचं. मग तो तोच होतो. सारखा नाही, तोच. त्याची बहीण ती याची बहीण, त्याची भाचरं ती याची, त्याची जाळी, त्याची भांडणं, सगळं. मी तशीच उठले, केस न बांधता बैठकीत गेले आणि म्हटलं, कुऱ्हाड खाली ठेवा, तो माझा भाऊ आहे. कुऱ्हाडवाला म्हणाला, ताई, हा? मी म्हटलं, हाच. म्हणाला, अगं पण दाढी! मी म्हटलं, दाढीचं मी बघते. आणि तसं नाव दिलं त्याला. खांदे धरले, हलवलं, म्हटलं, होतारेन, ऊठ. त्याला वाटलं आपल्या देवाचं काही काम झालं. रडला. मीही रडले. दाढी आम्ही उपटायला घेतली होती, पण तो फार ओरडला, अर्धीच झाली.

तर तेव्हापासून तो माझा धाकटा. तुम्ही त्याला फादर मातुरें म्हणता, म्हणा. माझ्या लेकी त्याला मामा म्हणतात. आणि मामाशिवाय आमच्यात पान हलत नाही, बाप काय, येतो जातो, मामा जे म्हणेल ते भाच्यांनी ऐकायचं असतं. हो, तर गुडघ्यांचं राहिलंच. पुढच्याच महिन्यात हाच तापानं पडला. मी उशाशी बसले आणि विचारलं, भाऊ, काय दिसतंय? आता शुद्धीत असता तर म्हणाला असता, काही नाही, स्वप्न खोटं असतं. पण ताप होता. म्हणाला, खोली दिसतेय. माणसांनी भरलीय, सगळी गुडघ्यावर, घंटा वाजतेय. आणि लहान मुलासारखं हुंदके देऊन रडला. आता तुम्हीच सांगा, आपल्या माणसाच्या जिवाला एवढं हवंसं झालंय, आणि गाव काय बघत बसणार? सगळे आले. घंटा वाजवली. सगळे बसले गुडघ्यावर, पहिल्या रांगेत तो कुऱ्हाडवाला, तो तर आपला कुऱ्हाडीसकट. आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला! आहे की नाही? बरा झाल्यावर त्याला सांगितलं तर हा चिडला. स्वप्नासाठी बसू नका, देवासाठी बसा. तेव्हा आमचा एक म्हातारा म्हणाला, बाबा रे, कुणासाठी ते तू ठरव, गुडघे आमचे आहेत. एवढंच सांग, तुझं स्वप्न पुरं झालं का? संपलं का? तेव्हा, फादर, त्याच्या तोंडून खोटं निघेना. म्हणाला, नाही. अजून डोळ्यांसमोर आहे. म्हातारा म्हणाला, म्हणजे परत बसावं लागणार. तेव्हापासून दर रविवारी विचारतो, आणि दर रविवारी तो म्हणतो, नाही, अजून आहे. फार मोठं स्वप्न आहे ते, मी गावात इतकं लांबलेलं पाहिलं नाही. पण घरच्या माणसाचं आहे, निभवायला पाहिजे.

तर ही विद्या. यात शिकवण्यासारखं काय आहे? न्यायचं काय कारण आहे?

—अहो, असे पांढरे काय पडलात! वाईट काय सांगितलं मी? आणि एकतर्फी नाही हो ते, उलट त्यानंही आमच्यासाठी किती केलं! मामा आहे तो, त्यालाही सगळ्यांची स्वप्नं पुरी करावी लागतात. एका आजारी म्हातारीला स्वप्न पडलं की काळा झगा मेजवानीत नाचतोय, नाचला. आधी नाही म्हणाला, मग म्हातारीची तब्येत बघितली आणि नाचला. चांगला नाचतो, पाय जरा उंच उचलतो. दुसऱ्या एकीला स्वप्न पडलं की ती चकचकीत पेल्यातून माशाचं कालवण पितेय—हो, तोच पेला, सकाळी त्यानं वर धरला होता तो. अहो धुतला! तीनदा धुतला त्यानं, वाळूनं घासला, मग रात्रभर त्याच्यासमोर पालथा पडून होता, आम्हाला वाटलं अजून चिकट राहिलाय की काय. आणि झगा—झगा तर आता त्याचा नाहीच. तो वहिनीचा आहे. तिला स्वप्नात हवा झाला. रविवारपुरता उसना देते ती. म्हणून तर पाठीशी तेवढा चुरगळला होता, तिनं त्यावर मका वाळवला होता.

वहिनी म्हणजे वहिनी. होतारेनची बायको. मग? नाव उचललं तर बायको काय दुसऱ्यानं उचलायची? नाही नाही नाही, तसलं काही नाही! बसा, बसा फादर. अहो ती त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही! म्हणते, पहिला होता तेव्हा हरणं आणायचा, हा मासळी आणतो तीही बोटाएवढी. शेजारच्या घरात राहते, दिवसातून एकदोनदा येऊन त्याला बोल लावते आणि जाते, बाकी काही नाही. पहिल्यालाही असंच करायची. तेव्हा तो मला म्हणाला होता, ताई, आमच्यात लग्न करत नाहीत. मी म्हटलं, तू आता कुठं केलंस? लग्न आधीचंच आहे, मधे तू मेला होतास.

उठलात? का? कांजी तशीच राहिली.

म्हणजे—म्हणजे आता सन्मान नाही. आता शिक्षा. आजच्या आज होडीत घालून न्यायचा, चौकशी, कोंडून ठेवायचा, असं? माझ्या तोंडाला काही धरबंधच नाही बाई. मी आपली त्याला राहू द्यावा म्हणून सांगत होते आणि हे काय होऊन बसलं. फादर, ऐका. माझं ऐका. तो काही वाईट नाही. तो तुमच्या देवाशी दिवसरात्र बोलतो, आम्ही झोपलो तरी बोलतो. तो तुमचंच काम करतो, फक्त त्याला नाही म्हणता येत नाही. तुम्ही चल म्हणालात की तो चालायला लागेल, मला माहितेय, एक शब्द बोलणार नाही, मागं वळून बघणार नाही, तुमच्यात ती रीत आहे म्हणे, मोठ्यानं सांगितलं की धाकट्यानं उठायचं. पण मी काय करू? मी एकदा पुरलाय त्याला. मी या हातांनी गुंडाळला होता त्याला बीव्हरच्या कातड्यात, आणि मला वाटलं होतं माझाही श्वास आता थांबेल, आणि मग तो परत आला, अर्ध्या दाढीचा, बिनकामाचा, बुटात वाळू घेऊन, पण आला ना हो! रोज सकाळी मला ताई म्हणून हाक येते. ती मी परत जाऊ देणार नाही. तुम्हाला काय, तुमच्याकडं फादर पुष्कळ आहेत. मला भाऊ एकच होता.

तुम्ही ऐकणार नाही. बरं.

बरं, मग निदान जायच्या आधी सांगा, काल रात्री काय बघितलंत? इथं झोपला होतात ना, माझ्याच चुलीपाशी, झोपेत बडबडत होतात. काही नाही कसं? सगळ्यांना काहीतरी दिसतं. सांगा, पाहुण्याचं विचारायचं असतं, न विचारता पाठवलं तर गावाला बोल लागतो. —हां? —स्वयंपाकघर? कुणाचं? —आईचं. बरं. काय करत होती? —तुमच्याकडं पाठ करून भांड्यात ढवळत होती. वळली? नाही वळली. आणि तुम्ही? तुम्ही हाक मारत होता. लहान होता, की असेच होता, दाढीसकट? —दाढीसकट. आणि ती वळली नाही.

हसण्यासारखं नाही हे फादर. तुम्ही हसताय, पण हे वाईट स्वप्न आहे. शेजारच्या चुलीवर बघा, बायकांनी पोरांना जवळ ओढलं. आई कुठाय तुमची? —गेली? कधी? तुम्ही इकडं यायला होडीत, म्हणजे त्या मोठ्या जहाजात बसलात त्यानंतर. म्हणजे बघितलीही नाहीत. अरेरे. आणि मग तिचं नाव कुणाला दिलं? —कुणालाच नाही? एवढी वर्षं तसंच पडलंय? जमिनीवर? अहो, मग ती वळणार कशी! तिला तोंडच नाहीये वळवायला! आणि तुम्ही असला उपाशी जीव घेऊन हिंडताय, होडीतून, नद्यांतून, दुसऱ्यांना न्यायला येताय! तुम्ही पुढच्या धबधब्यापर्यंत जगणार नाही, मी सांगते. आणि मेलात तर लोक म्हणतील आमच्या घरचं खाऊन मेले.

काय नाव होतं? सांगा लवकर. —पेरिन. पेरिन. सोपं आहे. आणि तुम्हाला काय म्हणायची, फादर तर म्हणत नसेल? —जीलो.

ए मुलींनो, इकडं या. साक्षीला या. ही चादर माझ्या खांद्यावर घाला. फादर, माझे खांदे धरा—धरा म्हटलं ना, तुमच्याच जिवाचं आहे—धरा आणि हलवा. म्हणा, पेरिन, ऊठ. नुसते ओठ नका हलवू, मोठ्यानं. —हां.

झालं. वळले मी. बघ माझ्याकडं. किती वाळलायस रे जीलो! काय खातोस तिकडं? आणि ही दाढी! रडू नकोस. रड, रड, काही हरकत नाही, इतकी वर्षं रडला नाहीस ना, रड. पण ऐक आता, मोठा झालायस, दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. तो जाळं घेऊन गेलाय ना, तो माझा पाठचा भाऊ आहे. म्हणजे तुझा कोण? —हां. सख्खा मामा. आणि आपल्यात मामा सांगतो आणि भाचा ऐकतो. भाच्यानं मामाला चल म्हणायचं नसतं, कोंडायचं तर नसतंच नसतं. चौकशी करायचीय? कर की, खुशाल विचार त्याला, मामा, मी कधी जाऊ, आणि तो सांगेल तेव्हा निघ.

काय? तुझ्या वरच्यांना काय सांगायचं? ते तू बघ, मी तुझी आई आहे, कारकून नाही. डोळे पूस. तो आला बघ, वहिनीचा आवाज येतोय मागं. जा, पुढं हो. आणि मामाच्या हातातली टोपली घे, जड असेल.